पाच कोऱ्या सकाळी

४ फेब्रुवारी

दोघंच होते, पण आवाज वीस जणांचा!

कड्यावर पोचले तेव्हा थंडीने बोटं वळत नव्हती. खाली सेजच्या झुडपांत नर उभा राहिला, मान वर करून ओरडला. मादीने त्यावर आपला सूर चढवला — मोडला, फिरवला, पुन्हा चढवला. समोरच्या लाल भिंतीवरून सगळं उलटून आलं. दोन कायोटी — आमच्याकडचे रानकोल्हे — मिळून टोळीचा आवाज काढतात हे मी वर्गात दर वर्षी शिकवते. तरी मानेवरचे केस उभे राहिले.

कॉलेजातून सहा महिन्यांची रजा मिळाली आहे. काम साधं. ही एक जोडी, विणीचा हंगाम, आणि ते दोघं काय खातात. झॉनी मावशीच्या घरी राहायचं, पहाटे तिला पवनचक्कीच्या टाकीशी सोडायचं, आणि ती पाण्याची पिंपं भरते तोवर वर कड्यावर दुर्बीण लावून बसायचं.

परतताना मावशी म्हणाली, "मादी यंदा लवकर बोलायला लागली."

मी वहीत लिहिलं. मग वाटलं, हे माझं निरीक्षण नाही. खोडलं. मग वाटलं, खोडणं बरोबर नाही. समासात पुन्हा लिहिलं — 'मावशीकडून.'

७ फेब्रुवारी

मर्लिंडा गॅलप शहरातून आली होती. मावशीची मुलगी, म्हणजे माझी बहीणच. मटणाचा रस्सा होईपर्यंत गप्प बसली, मग बोललीच.

"आई, गेल्या वर्षी बावीसातली नऊ कोकरं गेली. यंदा पाचाहून जास्त गेली तर जूनमध्ये मेंढ्या विकायच्या आणि तू माझ्याकडे यायचं."

"आपल्या घराचं दार उगवतीला असतं. तुझ्या घराचं कुठे उघडतं?"

"पार्किंगमध्ये उघडतं, आई."

"मग सकाळी मक्याचा पराग कुणाला वाहू? गाड्यांना?"

हसलो सगळे. मर्लिंडा मात्र नाही हसली. तिचंही खरं आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आई एकटी पिंपं भरते, राखणीचा कुत्रा होता तोही शरदात मेला.

डेलबर्ट — धाकट्या मावशीचा मुलगा, ओढ्यापलीकडे राहतो — तोंडात घास घेऊन म्हणाला, "सोपं आहे. वसंतात बीळ शोधायचं, खणायचं, पिल्लं संपवायची. भरवायला पिल्लंच नसली तर आईबाप कोकरू कशाला उचलतील?"

"ही जोडी मेंढ्यांना शिवत नाही," मी म्हणाले.

"असं त्यांनी लिहून दिलंय, प्रोफेसरबाई?"

"मी सांगते ना."

त्याने घास गिळला. "ठीक. तुझ्या शब्दावर. बीळ कुठे आहे ते मी विचारणार नाही. पण कधी एक खूण जरी दिसली —"

"तर मीच येऊन सांगेन."

आता झोप येत नाही. शब्द माझा, पण पणाला मावशीचा कळप लावला. आणि तिला मी विचारलंही नाही.

१५ फेब्रुवारी

नोंद नाही.

टाकीच्या वळणाआधी मावशी ओरडली, "थांब! तो बघ — डावीकडून उजवीकडे!" मी ब्रेक दाबला. मला धुळीशिवाय काही दिसलं नाही. डोळे चाकोऱ्यांत होते. मावशीने पिशवीतून चिमूटभर मक्याचा पराग काढून समोर टाकला. मग म्हणाली, "वळव."

कायोटी आडवा गेला की पुढे जायचं नाही. लहानपणापासून हेच. वळवली गाडी.

१६ फेब्रुवारी

मावशीला सुईत दोरा ओवून देत होते. म्हणाली, "जनावरं जुळतात तेव्हा बघू नये. विताना तर मुळीच नाही. तू दुसऱ्याच्या बाळंतिणीला दुर्बीण लावून बसतेस. लाज वाटत नाही?"

"मावशी, ते माझं काम आहे."

"हो का! आणि त्यांचं काय काम आहे?"

१७ फेब्रुवारी

पुन्हा कोरी सकाळ! पुन्हा तोच प्रकार, त्याच वळणावर. पुन्हा तिलाच दिसला, मला नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे डोळे माझ्या डोळ्यांना लाजवतात. आणि गंमत बघा — जो कायोटी सगळ्यांत जवळून गेला, त्या दिवसाचीच पानं रिकामी.

२४ फेब्रुवारी

नर तिच्या पाठीवर हनुवटी टेकून झोपला होता. बर्फ पडत होता. दोघांच्या अंगावर साचत गेला, तरी दोघं हलले नाहीत. मीही नाही.

९ मार्च

लगेच लिहिते आहे, बूटही काढलेले नाहीत.

भुईखारी हिवाळी झोपेतून उठल्या आहेत. सपाटीवर त्यांच्या बिळांचं गावच आहे, तीनशेच्या वर दारं. आज नर त्या गावात आला आणि त्याच्यामागे फेंगड्या चालीने एक बिज्जू — बुटका, लांब नख्यांचा, बिळं खणून शिकार करणारा! मला वाटलं आता जुंपणार. नराने शेपूट हलवून पुढचे पाय जमिनीला टेकले — कुत्रं खेळायला बोलावतं तसं — आणि दोघं शेजारी शेजारी चालू लागले.

बिज्जू एका दारातून खणत आत घुसला. माती कारंज्यासारखी उडत होती. नर पाच हातांवरच्या दुसऱ्या दारापाशी कान टवकारून गोठला. आत खणणारा, बाहेर थांबणारा. खार बाहेर उसळली ती सरळ त्याच्या जबड्यात. पुढचं बीळ. या खेपेला नराला बघून खार वर आलीच नाही — मग ती आत बिज्जूला मिळाली. वाटा कुणी ठरवला? भाषा कुठली?

दोन तास बघितलं. मग दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. शिकली-सवरलेली मी, मनात एवढंच आलं की आपल्याला काही म्हणजे काहीच माहीत नाही.

मावशीला सांगितलं. "ते चुलतभाऊ आहेत," म्हणाली, आणि रोटी उलटली.

२० मार्च

पहिला गडगडाट झाला. डेलबर्ट कायोटीची एक चावट गोष्ट रंगवून सांगत होता, ऐन मोक्यावर आला होता — ढग वाजले आणि गप्प! गोष्टी फक्त हिवाळ्यात. आता थेट पहिल्या हिमापर्यंत बंद.

"अरे, शेवट तरी सांग," मी म्हटलं.

"या दिवसांत गोष्ट सांगून साप चावला तर तू येणार आहेस का चोखायला?"

हा सगळ्याची टिंगल करतो, पण इतकं मात्र पाळतो.

२ एप्रिल

कोकरं यायला लागली. मावशी फाटकात बसते आणि एकेका मेंढीला हात लावून मोजते — कान, पाठ, आचळ. "ही अजून चार दिवस घेईल." आज, बरोबर चौथ्या दिवशी, व्याली.

भुईखारींचं ऐकून ऐकून आता मला कळायला लागलं आहे. ससाण्याची सावली पडली की एक तुटक शीळ, आणि सगळं गाव एका क्षणात गडप. कायोटी आला तर हाक निराळी असते. तेव्हा त्या पळत नाहीत. आपापल्या दारात दोन पायांवर उभ्या राहतात आणि त्याच्यावर नजर ठेवतात. शंभर जणी! तो जिकडे जातो तिकडे शंभर माना वळतात. आज नर त्या गावातून मान खाली घालून निघून गेला. सासुरवाडीच्या पंगतीतून उठलेल्या जावयासारखा!

१२ एप्रिल

मादी जड झाली आहे. ज्युनिपरच्या झाडाखालचं बिज्जूचं जुनं बीळ रुंद करते आहे. थोडं खणते, पोट सांभाळत बसते, पुन्हा खणते. नर माती उकरायला गेला तर अंगावर धावली.

बीळ कुठे आहे हे आता मला ठाऊक आहे. वहीत जागा लिहिली नाही. वही कुणीही उघडू शकतं. म्हणजे माझा डेलबर्टवर विश्वास नाही? की माझ्यावरच नाही?

१९ एप्रिल

नोंद नाही. आडवा गेला. मावशीने पाहिला.

२१ एप्रिल

व्याली! पोट खपाटीला, आचळं भरलेली. पाणी प्यायला बाहेर आली आणि लगेच आत. परवाच व्याली असणार. नेमक्या त्याच सकाळी मी घरी बसून शेंगा सोलत होते!

नराचं जेवण बघून थक्क झाले. उंदीर मारला, खाल्ला नाही. तोंडात धरला. दुसरा मारायचा तर पहिला खाली ठेवावा लागतो — ठेवला, मारला, दोन्ही उचलले. मग तिसरा. चौथ्याला एक निसटला. पुन्हा सगळी मांडामांड. चार शेपट्या ओठांतून लोंबत त्या ज्युनिपरपर्यंत गेला, बिळाच्या तोंडाशी ठेवल्या आणि लांब जाऊन बसला. स्वतः उपाशी.

२८ एप्रिल

पहिलं कोकरू गेलं. ओढ्यात लोकरीचे पुंजके सापडले. चोवीसातलं एक.

डेलबर्ट आला, बघितलं, माझ्याकडे बघितलं. घरी गेला. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

३ मे

दुसरं.

जोडीची विष्ठा गोळा करून धुते, चाळते, भिंगाखाली बघते. भुईखारीचे केस, सशाचे केस, उंदरांचे दात, ज्युनिपरची फळं. आतापर्यंत एक्केचाळीस नमुने. लोकर नाही. एकदाही नाही.

१० मे

नोंद नाही. ही चौथी खेप. मी जरा चिडूनच म्हणाले, "मावशी, मला कसा कधीच दिसत नाही?"

"तू शोधत असतेस, म्हणून."

११ मे

सहा! सहा पिल्लं! काळपट लोकरीचे गोळे, कान अजून नीट उभे नाहीत. आजचा त्यांचा पहिला दिवस नसावा. बिळाच्या उंबऱ्यावर सरावल्यासारखी एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. एकाने टोळ पकडला आणि स्वतःच दचकून सोडला. नर आला तशी सहाही त्याच्या ओठांना चिकटली. त्याने पाठ वाकवून पोटातलं सगळं समोर ओतलं. मग उभ्या उभ्याच झोपला. खरंच! उभ्या उभ्या.

डोळ्यांत पाणी आलं. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण ज्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं त्याच्या नोंदी तपासून घ्यायला हव्यात.

१४ मे

लांबकान्या सशाचं पिल्लू सेजच्या बुंध्याशी बसलं होतं. उघड्या डोळ्यांनी, उघड्यावर, एकटं. मादी वास घेत आली. एक हात अंतरावर थांबली. पिल्लाची मिशीसुद्धा हलली नाही. मी श्वास रोखला — कुणासाठी, ते सांगता येणार नाही. बिळात सहा उपाशी तोंडं, आणि इथे मुठीएवढं हे. ती पुढे निघून गेली. पिल्लू तसंच. वीस मिनिटं तसंच.

१७ मे

दोन कोकरं एकाच सकाळी! आम्ही टाकीवर असताना. चार झाली. मर्लिंडाला फोनवर सांगावं लागलं.

मावशीने डेलबर्टला सहज विचारलं, "चिलीला बांधतोस ना रे?"

"चिली? अगं तो माझ्या पायाशी गादीवर झोपतो. मी उठवल्याशिवाय उठत नाही. मावशी, कुत्र्याचं सोड, कायोटीचं बोल!"

ती उठून गेली. बाहेर ओट्यावर बसून ऐकत राहिली. संध्याकाळभर ती अशीच ऐकत बसते.

१८ मे

आज एक नोंद मी केलेली नाही.

१९ मे

करते. कालच्या नमुन्यात लोकर होती. पांढरी, कुरळी, आखूड. कोकराची. पुन्हा धुतली, पुन्हा बघितली. शंकाच नाही.

काल रात्रभर मी स्वतःला सांगत होते की एका नमुन्याने काही सिद्ध होत नाही. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. पण हाच पुरावा माझ्या बाजूचा असता तर एका नमुन्यावर मी नाचले असते! दिवसभर वही उघडी होती आणि मी लिहिलं नाही. कशासाठी? सहा पिल्लांसाठी? की 'मी सांगते ना' या तीन शब्दांसाठी?

आणखी एक कोकरू गेलं तर पाच. त्याच्यावर एक गेलं की मावशीचं दार पार्किंगमध्ये उघडणार.

२१ मे

डेलबर्टकडे गेले. चिली धावत आला, माझ्या हातावर नाक घासलं. तांबूस, गुबगुबीत, लाडावलेला.

सांगितलं. मला वाटलं होतं तो हसेल. तो फावड्याच्या दांड्याकडे बघत म्हणाला, "बस जरा. कॉफी घे." आणि मग, "मला वाटलं होतं तू नाही सांगणार."

रविवारी पहाटे जायचं ठरलं. जागा मी दाखवणार.

मावशीला सांगितलं. तिने पेल्याच्या काठाला आतून बोट लावून कॉफी ओतली, बोटाला कढत लागलं तशी थांबली. म्हणाली, "तुम्ही खणणार असाल तर मी बघायला येणार."

२३ मे

कड्यावर गेले. निरोप घ्यायला? असलं काही मी करत नाही. पण गेले. सहाही बाहेर होती. नोंद केली — सहा.

२४ मे

क्रमानेच लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

पहाटे निघालो. डेलबर्ट गाडी चालवत होता, मी मध्ये, मावशी खिडकीशी. मागे दोन फावडी, एक पोतं, बंदूक.  सूर्य नुकताच वर आलेला, सरळ काचेत. टाकीच्या वळणापाशी मावशी किंचाळली, "थांब! गेला! उजवीकडून डावीकडे!"

डेलबर्टने करकचून ब्रेक मारला. "कुठे? मला नाही दिसला."

"तू सूर्याकडे बघत होतास."

"प्रोफेसरबाई, तुला?"

मी माझ्या बुटांकडे बघत होते. तेच सांगितलं.

मावशीने खिडकीतून पराग टाकला. हात मांडीवर ठेवले. "वळव."

"मावशी, अगं आपण त्यालाच मारायला निघालोय! तो आडवा जाणारच!"

"मग मला इथे उतरव. मी चालत परत जाते."

त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली. पण ती शेजारी बसलेली असताना पुढे जायची छाती त्याला नाही. मलाही नाही. वळवली गाडी. निघून पाव तासही झाला नव्हता, आणि आम्ही रोज दोन तासांनी परततो.

मेंढवाड्याशी आलो आणि डेलबर्टचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

आत तीन कुत्री होती. दोन अनोळखी, हाडकी, हमरस्त्यावरची. ती कुंपणाखालून निसटून गेली. तिसरं गेलं नाही. डेलबर्टची गाडी ओळखून शेपूट हलवत, आनंदाने, सरळ त्याच्याकडे आलं. चिली. तोंड छातीपर्यंत लाल.

डेलबर्ट उभाच राहिला. चिलीने त्याच्या पँटला नाक पुसलं.

मावशी गाडीतून उतरलीही नव्हती. "कोकरू जिवंत आहे का ते बघा आधी," म्हणाली.

जिवंत होतं. मांडी फाटली होती. मावशीने ते मांडीवर घेतलं, जखमेवर बोटं फिरवली आणि मला सांगत गेली — इथे टाका घाल, आता इथे, घट्ट नको. मी शिवलं. डेलबर्टने चिलीला उचलून गाडीत ठेवलं आणि निघून गेला. उचलून नेताना त्या कुत्र्याने त्याचा कान चाटला.

२५ मे

ओढा पायांनी पिंजून काढला. जिथे १७ तारखेची लोकर पडली होती तिथे ओलसर मातीत कुत्र्यांच्या पायांचे ठसे, पसरट, वेडेवाकडे. त्यांच्यावर, नंतरचे, कायोटीचे — एका रेषेत. म्हणजे उष्टं उचललं. बहुधा. खात्री नाही. लिहून ठेवते — खात्री नाही.

पण मी एका कुटुंबाला खणून काढायला निघाले होते, याची मात्र खात्री आहे.

३० मे

डेलबर्ट आला. तीन दिवस कुंपणाखाली दगड रचतो आहे. चिलीचं काय केलं ते आम्ही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. आज जाताना मावशीच्या मांडीवर एक पांढरं, जाड पायांचं पिल्लू ठेवलं. "राखणीचं आहे. मेंढ्यांतच वाढवायचं. माझ्यासारखं गादीवर नको."

मावशी पिल्लाचे पंजे चाचपत म्हणाली, "तू तरी कुठे बिघडलास."

तो कुंपणाकडे गेला आणि रचलेले दगड पुन्हा रचू लागला.

७ जून

मर्लिंडा आली. कोकरं मोजली — वीस. एक लंगडतं. पुन्हा मोजली. मग म्हणाली, "बरं." एवढंच! कळप राहिला. मावशी राहिली.

जेवताना मावशीने मिठाऐवजी साखर घेतली. मर्लिंडाने पाहिलं. बुधवारी डोळ्यांच्या दवाखान्यात नेते आहे.

आठही कायोटी सपाटीवर होते. पिल्लं टोळांवर उड्या मारायला शिकताहेत. नर आडवा पडून झोपला आहे. पहिल्यांदाच!

१० जून

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकलेले. डॉक्टरीण म्हणाली, उजेड-अंधार कळत असेल, हाताच्या अंतरावरचं अंधुक दिसत असेल. गाडीच्या काचेपलीकडचं काही? शक्य नाही. गेल्या शरदापासून तरी नाही.

घरी येऊन वही उघडली. पाच कोऱ्या सकाळी. व्याल्यापासून मागे त्रेसष्ट दिवस बोटांवर मोजले, दोनदा मोजले. १५ आणि १७ फेब्रुवारी, ती जुळली ते दिवस. १९ एप्रिल, ती व्याली तो. १० मे, पिल्लं पहिल्यांदा उजेडात आली तो. २४ मे.

मावशी ओट्यावर ऐकत बसली होती. मी शेजारी बसले. विचारलं, "त्या दिवशी खरंच गेला होता का गं आडवा?"

"गेलाच असेल की कुठून तरी," ती म्हणाली. "गप्प बस आता. पोरं बोलताहेत."